आधी डबा ओत

हसू नकोस. तो डबा इकडे आण. शंकरपाळ्यांचा आहे ना? दिवाळीत तुझ्या आईने घरभर शोधला असेल. वहिनी, चहाची घाई नको; आधी एक मोठी परात द्या आणि जुन्या धोतराचा पांढरा तुकडा असला तर तो.

हं. ओतलं. आता ह्यातून मला एक बीसी ५५७ काढून दे. चालू असलेला. मी बसलोय.

का रे, काय झालं? फोनवर तर म्हणालास, "सर, आपल्याकडे सगळं आहे, काय पाहिजे ते सांगा." दारावर पाटी लावलीस, तिच्यावर रिपेअरिंगच्या पुढे 'अँड रिसर्च' लिहून घेतलंस. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! चहा आला, निवला, वर साय धरली, तरी तुझी बोटं परातीतच. एक उचललास, उजेडाकडे धरलास, डोळे बारीक केलेस, परत टाकलास. मघाशीही तोच उचलला होतास.

मी बारामतीहून भवानीनगर, जंक्शन करत इथवर चहा प्यायला आलेलो नाही. सराटीकडच्या त्या शेतकऱ्याने मला फोन केला. सामाईक विहीर, भावाभावांत पाळ्या ठरलेल्या. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची होती. ऑटो स्विच तू दुरुस्त करून दिलेला, म्हणून गडी बिनघोर झोपला. लाइट आली, रिलेने ओढलंच नाही, मोटार उठली नाही. पहाटे जाऊन बघतो तर पाट कोरडा, आणि पाळी पुढच्या भावाची. चुकलेली पाळी भावकीत परत मागून मिळते का? तू शेतकऱ्याचाच पोरगा आहेस, तूच सांग.

बोर्ड मी उघडला. रिले चालवणारा ट्रान्झिस्टर पीएनपी हवा होता, बीसी ५५७. तिथे तू एनपीएन बसवलास, बीसी ५४७. दोघांचेही तीन पाय, क्रमही तोच, कलेक्टर-बेस-एमिटर. अंगावरचा आकडा घासून पुसट झालेला. बसतोय ना, मग चालेल. झाळ मात्र छान मारलीस हो, चकचकीत! चुकीचा पार्ट इतक्या सफाईने बसवलेला मी फार दिवसांनी पाहिला.

"गडबडीत झालं सर" हे मला सांगू नकोस. गडबड त्या रात्री झाली नाही. ज्या दिवशी तो ट्रान्झिस्टर तू ह्या डब्यात टाकलास, त्या दिवशी झाली.

बघ ह्या परातीत. ही अर्ध्या चंद्राच्या आकाराची काळी, तीन पायांची मंडळी. तुझ्या लेखी सगळे ट्रान्झिस्टर. भिंग घे. हा खरंच ट्रान्झिस्टर आहे. हा एलएम ३५, तापमान मोजणारा. हा टीएल ४३१, व्होल्टेजचा संदर्भ देणारा. हा ७८एल०५, पाच व्होल्टचा रेग्युलेटर. हा २एन ७०००, मॉसफेट. कवच सगळ्यांचं एकच, टीओ-९२. आतला माणूस दर वेळी वेगळा. हे काचेचे, शेंदरी रंगाचे दोन डायोड बघ. एक १एन ४१४८ आणि दुसरा झेनर. चार पावलांवरून ओळखून दाखव. आणि ह्या मोठ्या पत्र्याच्या पाठीच्या दोन आयसी, ७८०५ आणि ७९०५. पहिलीत डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. दुसरीत ग्राउंड, इनपुट, आउटपुट. एकीच्या जागी दुसरी बसवलीस तर पुढचं काय काय जळेल ते सांगायला तुझा बोर्ड उरणार नाही.

ह्या चकत्या घे. एक निळी, एक पिवळट, एक हिरवट. तुझ्या मते 'डिस्क'. निळी एमओव्ही आहे, व्होल्टेजचा फटका स्वतःवर घेणारी. हिच्यावर काय छापलंय? १४डी४७१. ही २३० व्होल्टच्या घरगुती लाइनसाठी बरी, तीनशे व्होल्ट एसीपर्यंत ती सोसते. आपल्या स्टार्टरवर दोन फेजांमध्ये किती असतात? चारशे पंधरा. टाकून बघ, म्हणजे पेटीचं दार किती जोरात उघडतं ते कळेल. पिवळट चकती साधा सिरॅमिक कपॅसिटर आहे आणि हिरवट एनटीसी, गरम झाली की रोध कमी करणारी. तिघी एका डब्यात. वा!

रेझिस्टरांचं तर विचारूच नको. रंगांची संहिता तुला पाठ आहे, मान्य. वर्गात सगळ्यांच्या आधी तूच घडाघडा म्हणायचास. पण रात्री साडेदहाला, मिणमिणत्या बल्बखाली, समोर गिऱ्हाईक मोटारसायकल चालू ठेवून उभं असताना तपकिरी, लाल आणि नारिंगी ह्यांतला फरक सांगशील? लाल-लाल-तपकिरी म्हणजे २२० ओहम. लाल-लाल-लाल म्हणजे २.२ किलो. लाल-लाल-नारिंगी म्हणजे २२ किलो. एका पट्टीत दहापट. त्यात ते निळ्या अंगाचे एक टक्कावाले आले की पट्ट्या पाच, आणि कुठल्या टोकाकडून वाचायचं इथूनच सुरुवात. रंग वाचायचे ते दिवसा, एकदाच, मीटर लावून, आणि आकडा कागदावर लिहून मोकळं व्हायचं. रात्री कागद वाचायचा. संहिता पाठ आहे ह्या गुर्मीवर घरात ढीग वाढवायचा नसतो.

तुझ्या तालुक्यात निमगाव केतकीला पानमळे आहेत. पानं खुडून आणल्यावर फापडा वेगळा, कळी वेगळी, गबाळ वेगळं करतात की नाही? सगळी पानं हिरवीच आहेत म्हणून एकाच डागात कोंबून बाजारात नेली, तर व्यापारी सगळ्याला गबाळाचाच भाव देणार. तुझ्या ह्या डब्याचा भाव तोच. नवे, जुने, जळके, न तपासलेले एकत्र झाले की चांगल्या मालाची किंमतही जळक्याइतकी होते, कारण वेळेला तुला दोन्ही सारखेच परके.

आणि हे काय? ही कागदी पट्टीतून सोडवून ठेवलेली एसएमडीची वाळू? तपकिरी, खसखशीएवढे सिरॅमिक कपॅसिटर. ह्यांच्या अंगावर काहीही छापलेलं नसतं. पट्टीवरचा कागद हीच त्यांची ओळख, आणि तीच तू फाडून फेकलीस. मीटरने एक वेळ फॅरड मोजशील. पण हा सोळा व्होल्टचा की पन्नासचा, ते कोण सांगणार? हे केराच्या टोपलीत. नाही, वाईट वाटून घेऊ नकोस, टाक. माझ्यासमोर टाक.

व्होल्टेजचा विषय निघालाच आहे, तर हे दोन घे. दोघांवरही १०५, म्हणजे एक मायक्रोफॅरड. एक इवलासा, पन्नास व्होल्टचा. दुसरा पिवळा चौकोनी, एक्स-२ लिहिलेला, मेन्स लाइनवर आडवा बसवण्यासाठीच केलेला; बिघडला तरी शॉर्ट होऊन पेट घेऊ नये अशी त्याची घडण. स्वस्तातल्या ऑटो स्विचांना ट्रान्सफॉर्मर नसतो, लाइनवरचा कपॅसिटरच व्होल्टेज खाली आणतो, हे तुला ठाऊक आहे. तिथे '१०५ म्हणजे १०५' म्हणून भलताच कपॅसिटर कोंबणारे कारागीर मी पाहिलेत. तू त्यांच्यातला होण्याच्या वाटेवर आहेस.

इलेक्ट्रोलिटिक कुठे ठेवतोस? वर, पत्र्याखालच्या फळीवर? शाब्बास! एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली हात घालून बघ. त्या कपॅसिटरच्या पोटात द्रव असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. वहीत उतरवलं असशील, डोक्यात नाही. आणि नुसते वर्षानुवर्षं पडून राहिले तरी आतला ऑक्साइडचा थर झिजतो. असला कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेजला जोडला तर गळती करतो, तापतो, फुगतो. जुना वापरायचाच असेल तर मध्ये रेझिस्टर घालून, व्होल्टेज हळूहळू चढवत, थर पुन्हा बसू द्यायचा. म्हणून पाकिटावर आणल्याचा महिना आणि वर्ष हवं. इलेक्ट्रोलिटिक ठेवायची जागा खाली, भिंतीच्या सावलीच्या बाजूला. पण चुलीशेजारी नाही आणि मोरीजवळ नाही; ओल लागली की पाय काळे पडतात आणि मग झाळ धरत नाहीत.

मॉसफेट थर्मोकोलच्या तुकड्यात खोचून ठेवलेत! ओळीत, टापटिपीत! हे बघून मला जास्त राग येतोय. नीटनेटका दिसतोस आणि मुळावरच घाव घालतोस. आपला हा अवर्षणाचा पट्टा. डिसेंबर-जानेवारीत हवा अशी कोरडी, की स्वेटर काढताना अंधारात ठिणग्या दिसतात. बोटाला चटका जाणवतो तेव्हा अंगावर काही हजार व्होल्ट साठलेले असतात. आयआरएफझेड ४४ च्या गेटची सहनशक्ती किती? वीस व्होल्ट. थर्मोकोल घासला की स्थिर वीज धरून ठेवतो. आणि पार्ट लगेच मेला तर बरं म्हणायचं. अर्धमेला झाला तर तुझ्या टेबलावर चालतो आणि महिन्याने शेतात मरतो. मग तू म्हणणार, "माल डुप्लिकेट होता." काळा, कार्बनचा स्पंज मिळतो, त्यात खोच. तो नसेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल तिन्ही पायांभोवती गुंडाळ. बोर्डांबरोबर येणाऱ्या चंदेरी पिशव्या फेकत जाऊ नकोस. आणि हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श कर. फुकटचं काम आहे, म्हणून कुणी करत नाही.

थांब. हे काय आहे? हात लावू नकोस, मी काढतो.

वहिनी, नातीला जरा तिकडे घेऊन बसा.

हा सीआर २०३२. हा दुसरा. आणि हे लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले दोन १८६५० सेल, उघडे, तारांच्या तुकड्यांत आणि स्क्रूंमध्ये. आतापर्यंत मी बोललो ते तुझ्या धंद्याचं होतं. हे धंद्याचं नाही. रांगतं पोर घरात, आणि झाकण सैल असलेल्या डब्यात बटण सेल! हा वीस मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला की ओलीतून करंट वाहतो, तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत आतली कातडी जळायला लागते. सेल संपलेला असला तरीही. पोर सांगू शकत नाही, बघणाऱ्याला साधी सर्दी-खोकल्याची किरकिर वाटते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढत बसायचं नाही, तडक मोठा दवाखाना गाठायचा आणि एक्स-रे काढायला लावायचा. इथून मोठा दवाखाना किती लांब, हा हिशोब तू आज रात्री झोपण्यापूर्वी कर.

आणि १८६५० ला तारेचा एक तुकडा आडवा लागला, की हा डबा पेटेल. लिथियमची आग भांडंभर पाण्याने हटत नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी, प्रत्येक सेलला वेगळं प्लास्टिकचं घर, चार्ज निम्म्याच्या आसपास, आणि जागा कुलपात, उंचावर, पण पत्र्याखाली नाही. हे आज. जेवणाआधी.

आता तुझं म्हणणं ऐकतो. "सर, पुण्याहून कप्प्यांची मोठी कपाटं मागवणार आहे, मग सगळं लावतो." अजिबात मागवू नकोस. कपाट आलं की हाच डबा तू चाळीस कप्प्यांत वाटून टाकशील, आणि चाळीस ठिकाणी शोधशील. असली कपाटं मी बारामतीत भल्याभल्यांच्या दुकानात पाहिली आहेत. बाहेरून पारदर्शक, आतून शंकरपाळ्यांचा डबाच.

आमच्या वेळचे रेडिओवाले काड्यापेट्यांचे कप्पे एकमेकांना चिकटवून खण करायचे. फिल्मच्या रोलच्या काळ्या डब्या असायच्या, होमिओपॅथीच्या बाटल्या असायच्या. पैसे नव्हते म्हणून, हौस म्हणून नव्हे. पण कुठल्या खणात काय, हे त्यांच्या मुलालाही माहीत असायचं. तुझ्या पट्ट्यात तर लग्नपत्रिकांचा तोटा नाही. अर्धं कार्ड प्रेषकांच्या आणि पुढाऱ्यांच्या नावांनी भरलेलं, पण कागद चांगला जाड. पाकिटं काढ, अर्धी काप. रेझिस्टरची ई-१२ मालिका म्हण बघू. दहा, बारा, पंधरा, अठरा, बावीस, सत्तावीस, तेहेतीस, एकोणचाळीस, सत्तेचाळीस, छप्पन्न, अडुसष्ट, ब्याऐंशी. दहा ओहमपासून ८२० किलोपर्यंत पाच दशकं, म्हणजे साठ पाकिटं, आणि एक मेगओहमचं एकसष्टावं. सगळं एका बुटाच्या खोक्यात उभं मावतं. कार्डाचे तुकडे मध्ये आडवे घाल, दर दशकाला एक. आकडा पेन्सिलीने लिही. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. रबरबँड लावू नकोस, आपल्या उन्हाळ्यात तो विरघळून पायांना चिकटतो.

डब्यांवर चिठ्ठी लावशील ती डब्याच्या अंगावर. झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात आणि मग पाटी एकीची, घर दुसरीचं.

आणि सगळंच मालिकेप्रमाणे लावू नकोस. इथे पुस्तकापेक्षा तुझं काम मोठं. तुझ्याकडे दहातले बहुतेक बोर्ड स्टार्टरचे आणि ऑटो स्विचचे येतात ना? मग त्या कामाचा एक वेगळा ट्रे. बारा व्होल्टचा रिले, १एन ४००७, बीसी ५४७ आणि ५५७ वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत, ७८१२, एक्स-२ कपॅसिटर, एमओव्ही, फ्यूज. रिलेच्या कॉइलचा रोध मोजून वर लिहून ठेव. ह्या चौकोनी रिलेला बाहेर शुगर क्यूब म्हणतात. साखर कारखान्यांच्या मुलखात तरी पाच व्होल्टचा आणि बारा व्होल्टचा क्यूब चुकू नये! पाचवाल्याची कॉइल सत्तर ओहमच्या आसपास, बारावाल्याची चारशेच्या. मीटर क्षणात सांगतो.

जुन्या बोर्डावरून काढलेला पार्ट नव्याच्या पाकिटात कधीही जाणार नाही. त्याचं घर वेगळं, त्यावर 'जुना, तपासलेला' असं लिहिलेलं. ट्रान्झिस्टर टेस्टर काही शेकड्यांत मिळतो. तो आधी घे, कपाट नंतर. टेस्टरमधून गेल्याशिवाय आत प्रवेश नाही. आणि जे मेलेलं आहे ते मेलेलं. फुगलेले कपॅसिटर, चिरलेले बोर्ड एका पोत्यात भरून अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्यायचे. त्याचे २०२२ चे नियम आहेत आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मागच्या वेळी बांधावर पाचटाबरोबर बोर्ड पेटवलेले मी पाहिले. त्या झाळीत शिसं असतं. त्याच बांधावर तुमची जनावरं चरतात.

"एवढा वेळ कुठे आहे सर?" हे तू म्हणणार, म्हणून आधीच सांगतो. बीसी ५५७ दोन-चार रुपयांचा. तो सापडला नाही की तू पुण्याच्या तपकीर गल्लीत जातोस. इथून बुधवार पेठ म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस, एसटीचं भाडं, तिथल्या वड्याचा खर्च; आणि आल्यावर आठवड्याने तोच पार्ट ह्याच डब्याच्या तळाशी सापडतो. मग तू आणलेलेही ह्याच्यातच टाकतोस. वेळ तुला भरपूर आहे. तो तू एसटीत घालवतोस.

डोळे वर कर. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर वालचंदनगर आहे. १९७३ पासून तिथला कारखाना इस्रोसाठी काम करतोय, अग्निबाणांच्या मोटरची केसिंग तिथे बनतात. अशा कामात पोलादाचा पत्रा कुठल्या वितळणीतला, ह्याची नोंद ठेवावी लागते, नाहीतर तो पत्रा कितीही उत्तम असला तरी बाद. आणि तिकडे बारामतीला कृषी विकास ट्रस्टच्या शेतात मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला बरोबर घेऊन उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली. जमिनीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, पाणी कधी द्यायचं ते मोबाईलवर. उद्या ते सेन्सर तुझ्या गावच्या रानात येतील आणि बिघडतील. बिघडणारच, माती आहे, उंदीर आहेत, वीज आहे. ते दुरुस्त करायला ऑक्सफर्डहून कुणी येणार नाही, लोक तुझ्याच दारात येतील. तेव्हा ही परात पुढे करशील का?

रडू नकोस. हात छान आहे तुझा, डोकंही आहे. नसतं तर मी एवढं पेट्रोल जाळलं नसतं. ज्यांच्यात काही नसतं त्यांना मी "छान, छान" म्हणून वाटेला लावतो, हे तुला वर्गातच कळायला हवं होतं.

आजचं काम ऐक. सेल आत्ता. मग रेझिस्टर, आणि तेही दिवसाउजेडी. ट्रान्झिस्टर उद्या, एकेक टेस्टरमधून. जो ओळखू येत नाही तो टाकायचा; 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवायचा नाही. वहीत एका पानावर काय कुठे आहे आणि किती उरलं, एवढंच लिही. पाच उरले की पुढच्या पुण्याच्या फेरीत पन्नास आणायचे. रविवारी मी परत येईन. संध्याकाळी, लाइट गेलेली असताना. मी नाव घेईन, तू टॉर्चच्या उजेडात पाकीट काढायचं. सापडलं नाही तर पाटीवरचं 'अँड रिसर्च' मीच खरवडून काढीन.

सराटीवाल्याचा ऑटो स्विच मी माझ्याबरोबर नेतो. त्याची पुढची पाळी जवळ आलीय. बीसी ५५७ माझ्याकडे आहे, खिडकीच्या बाजूच्या खोक्यात, मागून तिसरं पाकीट. वहिनी, आता द्या चहा. हा निवलेला ह्याला प्यायला लावा.